इमारत उभी राहिल्यानंतरचे काम

भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होऊ लागतात. गाठोडी, भांडी आणि कडेवरची पोरे घेऊन माणसे घाट उतरतात. कुणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातो, कुणी वसई-विरार-ठाण्याच्या बांधकामावर. पावसाच्या तोंडावर ती परततात, शेतीच्या कामाला लागतात आणि दिवाळीनंतर पुन्हा तीच वाट धरतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकर अशा आदिवासींची वस्ती नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या या दोन तालुक्यांचे वर्ष असे दोन भागांत वाटले गेले आहे.

महानगरातले कित्येक टॉवर या माणसांनी वाहिलेल्या घमेल्यांवर उभे आहेत. इमारत पूर्ण झाली की त्यांचे तिथले काम संपते. त्याच सुमारास त्या इमारतीत दुसरे एक काम सुरू होते, आणि इमारत उभी आहे तोवर ते चालू राहते. हे काम इमारत चालवण्याचे. हवा किती थंड ठेवायची, पाणी कितव्या मजल्यापर्यंत किती दाबाने चढवायचे, आग लागली तर कोणता पंखा बंद आणि कोणता चालू, रात्री कोणते दिवे विझवायचे, हे सगळे आता यंत्रणा ठरवते. ती यंत्रणा बसवणारी, जुळवणारी आणि तिच्यावर डोळा ठेवणारी माणसे लागतात. या शाखेला बिल्डिंग ऑटोमेशन म्हणतात. प्रत्यक्ष कामावरची माणसे मात्र तिला नुसते ‘बीएमएस’ म्हणतात, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम. घाटमाथ्यावरच्या मुलामुलींनी आता या दुसऱ्या कामावर हक्क सांगायला हवा. त्याची वाट दहावी आणि आयटीआयवरून जाते, आणि ती वाटते तेवढी लांब नाही.

मोठ्या कार्यालयाच्या, रुग्णालयाच्या किंवा मॉलच्या तळघरात एक खोली असते. आत दोन-तीन संगणक, भिंतीवर मोठा पडदा, टेबलावर वॉकीटॉकी आणि एक जाड रजिस्टर. पडद्यावर इमारतीचे चित्र असते: पंखे फिरताना दिसतात, पाइपांतून पाणी वाहताना दिसते, प्रत्येक मजल्याचे तापमान आकड्यात दिसते. कुठे काही बिनसले की त्या जागी लाल चौकट लुकलुकते. शिफ्टचा ऑपरेटर ती चौकट वाचतो, रजिस्टरला वेळ टाकतो आणि वॉकीटॉकीवर माणूस धाडतो. पाहणाऱ्याला वाटते की सगळे कसब त्या पडद्यात आहे. खरे कसब पडद्यामागच्या तारांमध्ये असते.

ही यंत्रणा तीन थरांची असते. खाली सेन्सर, म्हणजे तापमान, आर्द्रता, दाब, हवेतला कार्बन डायऑक्साइड, टाकीतली पातळी मोजणारी उपकरणे. मध्ये कंट्रोलर. वीतभर लांबीची ही पेटी पॅनेलमध्ये बसवलेली असते. तिला डीडीसी म्हणतात. सेन्सरने पाठवलेला आकडा आणि हवा असलेला आकडा, म्हणजे सेट पॉइंट, यांची ती तुलना करते आणि हुकूम सोडते. तिसऱ्या थरात हुकूम पाळणारी यंत्रे: व्हॉल्व्ह फिरवणारा अ‍ॅक्चुएटर, हवेची झडप उघडणारा डॅम्पर, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. मोजायचे, ताडायचे, हलवायचे आणि पुन्हा मोजायचे. दिवसाचे चोवीस तास हे चक्र चालू असते.

एखाद्या मजल्यावरच्या एएचयूचे उदाहरण घेऊ. एअर हँडलिंग युनिट ही पत्र्याची खोलीएवढी पेटी. गच्चीवरच्या किंवा तळघरातल्या चिलरमध्ये पाणी साधारण ७ अंशांपर्यंत थंड होते आणि पाइपातून या पेटीतल्या तांब्याच्या कॉइलमध्ये येते. मजल्यावरून परत आलेली गरम हवा पंखा त्या कॉइलवरून ओढतो. हवा थंड होते, पाणी साधारण १२ अंशांवर जाऊन पुन्हा चिलरकडे निघते. परतीच्या हवेत बसवलेला सेन्सर २६ दाखवतो, सेट पॉइंट २४ आहे, तर डीडीसी व्हॉल्व्ह थोडा उघडते. २४ झाले की मिटते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी लावून दाबातला फरक मोजलेला असतो. फिल्टर धुळीने भरला की फरक वाढतो आणि पडद्यावर सूचना येते. मग कुणीतरी फिल्टर काढतो, धुतो, वाळवतो, परत लावतो. इतकी बुद्धिमान म्हणवणारी इमारत शेवटी त्या दोन हातांवर अवलंबून असते.

बिघाड कसा शोधायचा याचा धडा या क्षेत्रात पहिल्याच वर्षी मिळतो. समजा, एका मजल्यावरची माणसे थंडीने कुडकुडताहेत आणि पडद्यावर मात्र २८ अंश दिसताहेत. यंत्रणा आपली इमानाने आणखी थंड पाणी सोडते आहे. चिलर ठीक, व्हॉल्व्ह ठीक, प्रोग्रॅम ठीक. शिकाऊ मुलगा तासभर पॅनेलशी झटतो. जुना टेक्निशियन वर जातो आणि भिंतीवरचा सेन्सर बघतो. फर्निचर हलवताना कुणीतरी त्याच्या खाली प्रिंटर आणून ठेवलेला असतो. प्रिंटरची गरम हवा सेन्सरला लागते, सेन्सर जे जाणवले ते खरे सांगतो, आणि चाळीस माणसे स्वेटर शोधतात. असल्या बिघाडाचे उत्तर कोणत्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाही. त्यासाठी उठून जागेवर जावे लागते.

यात विजेची बचत किती, हे एका साध्या गणिताने कळते. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर वीज पाचव्या हिश्शानेच वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.५१. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी लागते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा मजला रिकामा असतो, तेव्हा पंखा पूर्ण वेगाने फिरवायचा की नाही, याचा निर्णय माणसाच्या आठवणीवर न सोडता कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरवर सोडला, की वर्षाच्या बिलात फरक दिसतो. केंद्र सरकारने २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. २०१७ साली ती सुधारली गेली आणि २०२२ च्या कायद्यातील दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही या चौकटीत आणण्याची वाट मोकळी केली.

या विद्येचा उगम एका शाळेत आहे, आणि आश्रमशाळांच्या मुलखात ती गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी शिक्षक घडवणारी शाळा होती. थंडीत वर्ग गरम ठेवण्यासाठी तळघरात भट्टी पेटलेली असे. कोणत्या वर्गात किती ऊब आहे हे पाहायला शाळेचा शिपाई वर्गावर्गांत शिरे, मग तळघरात जाऊन झडपा हलवी. भर तासात होणाऱ्या या ये-जेला वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक कंटाळले. त्यांनी वर्गाचे तापमान बदलले की तळघरात घंटी वाजवणारे विजेचे उपकरण तयार केले, १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८८५ मध्ये मिलवॉकीला कंपनी काढली. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स. त्याच १८८५ मध्ये मिनीआपोलिसच्या आल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप हलवणारे यंत्र केले. त्यांच्या उद्योगाची वंशावळ पुढे हनीवेलपर्यंत येते.

या दोन्ही घराण्यांचे आजचे पत्ते मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत. हनीवेल ऑटोमेशन इंडिया पुण्याच्या हडपसरला आहे, जुने लोक तिला अजून टाटा हनीवेल म्हणून ओळखतात. जॉन्सन कंट्रोल्सचे मोठे अभियांत्रिकी काम पुण्यातून चालते. याच क्षेत्रातल्या सीमेन्सचा कारखाना कळव्याला, लोकलच्या खिडकीतून दिसेल इतका जवळ. आणि खुद्द पालघर जिल्ह्यात, जव्हारचा घाट उतरून विक्रमगडमार्गे गेले की लागणाऱ्या वाड्याला ब्लू स्टारचा वातानुकूलन आणि शीतकरण यंत्रांचा कारखाना आहे. म्हणजे ज्या वाटेने मजूर खाली जातात, त्याच वाटेवर या उद्योगाचे एक ठाणे आहे.

पूर्वी प्रत्येक कंपनीची यंत्रणा आपलीच भाषा बोलत असे. एका कंपनीचे पॅनेल दुसरीच्या चिलरशी बोलू शकत नसे, आणि एका कंपनीत शिकलेला माणूस दुसरीकडे अडखळत असे. १९८७ मध्ये वातानुकूलन अभियंत्यांच्या आशरे या अमेरिकी संस्थेने समान भाषा तयार करायला घेतली. १९९५ मध्ये ती बॅकनेट या नावाने प्रसिद्ध झाली. त्याआधीची, १९७९ पासूनची मॉडबस ही आणखी साधी भाषाही सर्वत्र चालते. नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे: बॅकनेट आणि मॉडबस नीट आले, तर कंपनीच्या नावाची पाटी बदलली तरी हातातली विद्या तीच राहते.

माणसे कुठे लागतात हे मुंबईचा नकाशा सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या मेट्रो ३ च्या मार्गावर २७ स्थानके आहेत, त्यांतली २६ भुयारी. जमिनीखालच्या स्थानकाला खिडकी नसते. तिथली प्रत्येक झुळूक यंत्राने आणावी लागते, आणि बोगद्यात धूर झाला तर तो कोणत्या दिशेने ढकलायचा हे पंख्यांना आधीच शिकवून ठेवावे लागते. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत. भारतातल्या डेटा सेंटरांची सर्वाधिक क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे. तिथल्या संगणकांच्या तोंडाशी जाणारी हवा १८ ते २७ अंशांत ठेवण्याची शिफारस आहे. ही मर्यादा काही मिनिटे सुटली तरी बँकांचे, रेल्वेच्या तिकिटांचे व्यवहार अडकू शकतात. म्हणून तिथे तिन्ही शिफ्टांत माणूस बसवलेला असतो. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. बंदर उभे राहिले तर त्यातल्या कुशल जागांवर जिल्ह्यातली किती मुले बसतील, हे आज कोणते शिक्षण हाती आहे यावर ठरणार आहे.

रुग्णालयांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला, पालघर जिल्ह्यातच, विरारच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. कोविडचे डझनाहून अधिक रुग्ण दगावले. वातानुकूलन यंत्रापासून आग पसरल्याचे तेव्हा सांगितले गेले. या दोन तारखा या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

आगीच्या वेळी इमारतीने काय करायचे याचा तक्ता आधीच तयार असतो. धुराच्या डिटेक्टरने खूण दिली, की त्या मजल्याचा एएचयू बंद झाला पाहिजे, नाहीतर तोच पंखा धूर सगळीकडे पोहोचवतो. लिफ्टा तळमजल्यावर येऊन दारे उघडून थांबल्या पाहिजेत. जिन्यातले पंखे सुरू होऊन तिथला हवेचा दाब वाढला पाहिजे, म्हणजे धूर जिन्यात शिरणार नाही. कार्ड लावून उघडणारी दारे आपोआप मोकळी झाली पाहिजेत. तक्त्यातली एकेक ओळ प्रत्यक्ष धूर सोडून तपासायची असते. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. कागदावर सही होणे वेगळे आणि शिडीवर चढून प्रत्येक डिटेक्टर तपासणे वेगळे. हे दुसरे काम मनापासून करणारा टेक्निशियन किती जीव वाचवतो, ते कधीच मोजता येत नाही.

आता वाट. दहावीला विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्याला आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळतो. बीएमएससाठी चार ट्रेड जवळचे: इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग. यातला सर्वात सरळ जुळणारा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. त्यात मोजमापाची उपकरणे आणि नियंत्रणच शिकवतात. पण तो सगळीकडे नसतो. इलेक्ट्रिशियन जवळपास सर्वत्र असतो, आणि त्याने काही अडत नाही. जव्हारला शासकीय आयटीआय आहे. कोणत्या संस्थेत कोणता ट्रेड आणि किती जागा, ते राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर दरवर्षी दिसते. अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा असतात. हवा तो ट्रेड घाटाखाली किंवा नाशिकला सातपूरला मिळत असेल, तर तिकडे जायला कचरू नये. नाशिक मोखाडा-त्र्यंबकच्या रस्त्याने फार दूर नाही.

आयटीआयनंतरचे अ‍ॅप्रेंटिसशिपचे वर्ष हे या क्षेत्रातले खरे विद्यालय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन द्यावेच लागते. अखेरीला अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांचा आयटीआय करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात पदविकेला प्रवेश घेता येतो, ही गोष्ट गावात फार कमी पालकांना ठाऊक असते. विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदवीपर्यंत जायचे झाले तर पुण्याचे सीओईपी, मुलींसाठी पुण्याचेच कमिन्स महाविद्यालय आणि नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान येथे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवले जाते. पदवीवाला डिझाइन आणि प्रोग्रॅमिंगकडे लवकर पोहोचतो. आयटीआयवाला ऑपरेटर, टेक्निशियन, कमिशनिंग अशा पायऱ्या चढत जातो. चढतो मात्र नक्की, कारण साइटवर ज्याला वायरिंग कळते त्याच्यावाचून प्रोग्रॅमवाल्याचेही अडते.

कमिशनिंग हा शब्द इथे वारंवार येतो. इमारत ताब्यात देण्याआधीचे शेवटचे काही महिने म्हणजे टेस्टिंग-कमिशनिंग. एक जण अठराव्या मजल्यावर सेन्सरपाशी, दुसरा तळघरात पॅनेलपाशी, दोघांकडे वॉकीटॉकी. वरचा तारेचे टोक सोडवतो, खालचा पडद्यावर तोच पॉइंट गेला का ते बघतो. गेला, तर यादीवर टिक. शेजारचाच पॉइंट गेला, तर दोन तारा अदलाबदल झालेल्या. मोठ्या इमारतीत असे हजारो पॉइंट असतात. प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांकाचा फेरूल चढवायचा, कंट्रोलरांना जोडणाऱ्या संदेश-तारेच्या दोन्ही शेवटांना १२० ओहमचा रोधक लावायचा, आवरणाची जाळी एकाच बाजूला अर्थ करायची. यातले एक चुकले तर सहा महिन्यांनी, कुणालाही कारण सापडू नये अशा वेळी, पडद्यावरचे निम्मे आकडे गायब होतात.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना सर्वात आधी वाटते, आणि ती अनाठायी नाही. मॅन्युअल इंग्रजीत, पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत, ई-मेल इंग्रजीत. पण ट्रिप, फॉल्ट, ओव्हरराइड, ऑटो, मॅन्युअल, सप्लाय, रिटर्न असे तेच तेच शब्द रोज समोर येतात आणि सहा-आठ महिन्यांत तोंडात बसतात. अवघड जाते ते दुसरे: चार माणसांत हात वर करून ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ म्हणणे. पाड्यावरून आलेला मुलगा पहिले काही महिने गप्प राहतो, आणि गप्प राहणाऱ्याला सुपरवायझर फिल्टर धुण्यावरच ठेवतो. आयटीआयमधल्या निदेशकांनी तांत्रिक विषयाइतकाच या गोष्टीचा सराव करून घेतला, तर मुलांचे एक वर्ष वाचेल.

या नोकरीची पडती बाजूही सांगायला हवी. बहुतेक ऑपरेटर इमारतीच्या मालकाचे नोकर नसतात. देखभालीचे कंत्राट घेतलेल्या कंपनीकडे ते असतात आणि कंत्राट बदलले की त्यांचा मालक बदलतो. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, रात्रपाळी चुकत नाही, मुंबईतले भाडे जीव काढते. म्हणून पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा, ईएसआयसीचे कार्ड झाले का ते विचारावे. तीन-चार वर्षे नुसते पडद्यासमोर बसून काढली तर माणूस तिथेच राहतो. त्याच काळात पॅनेल उघडायला, ड्राइव्हचे पॅरामीटर बदलायला, छोटा प्रोग्रॅम लिहायला शिकलेल्याला पुण्या-बंगळूरच्या कंपन्या घेतात. दुबई-दोहाच्या बाजारातही अशा हातांना मागणी आहे. बुर्ज खलिफासारखी इमारतही अखेर सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह याच तीन थरांवर चालते.

या विद्येसाठी गाव सोडावेच लागते का, असा प्रश्न पालक विचारतात. सध्या बहुतांश काम शहरात आहे, हे खरे. पण घाटमाथ्यावरही मोजणारी आणि स्वतःहून चालणारी यंत्रे आली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या गावी कोविडच्या लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोहोचल्या. रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटे लागणारे अंतर त्याने नऊ-दहा मिनिटांत कापले. लस ठेवण्याच्या फ्रीजचे तापमान सिमकार्ड लावलेल्या उपकरणाने सतत नोंदवण्याची पद्धत देशाच्या शीतसाखळीत रुळली आहे. सौरपंप आहेत, नळपाणी योजनांचे स्वयंचलित स्टार्टर आहेत, आश्रमशाळा-वसतिगृहांवर सौर पॅनेल आहेत. यांतले काही बंद पडले की दुरुस्तीचा माणूस ठाण्याहून किंवा नाशिकहून येईपर्यंत आठवडे जातात. जव्हारमध्येच असे चार जाणकार हात असतील तर त्यांना काम कमी पडणार नाही.

पाण्याच्या बाबतीत तर हे अधिकच टोचते. मोखाडा-शहापूरच्या डोंगरांत मुंबई महापालिकेने वैतरणेवर शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण बांधले, २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याआधी १९५७ चे मोडकसागर आहेच. हे पाणी बराचसा प्रवास उतारावरून करते आणि मुंबईतल्या टॉवरच्या तळघरातल्या टाकीत पोहोचते. तिथून पुढे ते चाळिसाव्या मजल्यावर जाते ते बीएमएसच्या हुकमाने: दाबाचा सेन्सर, ड्राइव्ह, पंप. मोखाड्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि त्यांच्या डोंगरातले पाणी तिकडे बटणाविना वर चढते. धरणाच्या पाण्याचे वाटप हा राजकीय निर्णय आहे. एखादा टेक्निशियन तो बदलू शकत नाही. पण पाड्याच्या टाकीत पातळीचा सेन्सर बसवून पंप वेळेवर चालू-बंद करणे, गळती कुठे होते ते रात्रीच्या आकड्यांवरून ओळखणे, हे त्याच्या हातात आहे, आणि त्याला लागणारे साहित्य आज जव्हारच्या बाजारातल्या मोबाइलपेक्षा महाग नाही.

नोकरीच्या मुलाखतीला नवख्या मुलाला बहुधा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. तापमानाचा सेन्सर शून्य ते ५० अंशांचा आहे, तो ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत पाठवतो. मीटरवर १२ आले, तर खोलीत तापमान किती? ४ म्हणजे शून्य, २० म्हणजे ५०, आणि १२ बरोबर मध्यावर, म्हणजे २५ अंश. हे उत्तर आठवीच्या त्रैराशिकाने येते. मग दुसरा प्रश्न येतो: संकेत शून्यापासून का सुरू करत नाहीत, चारपासूनच का? ज्याने वर्षभर हातात मल्टिमीटर घेऊन काम केले आहे तो लगेच सांगतो: मीटरवर ४ आले तर खोली शून्य अंशांवर आहे, आणि शून्य आले तर तार तुटली आहे.